पत्र्याची बादली

कळंब्याच्या तलावाकडे जाताना आमच्या परिचयाच्या एका शेतकरी बंधूंचा उसाचा मळा लागतो. मागे एकदा उसाच्या पानांवर फिकट पिवळे पट्टे उमटले, तेव्हा माती तपासून घ्यावी असा सल्ला आम्हीच दिला. एवढ्यावर न थांबता नमुना काढण्यासही आम्हीच पुढे सरसावलो. ठिकठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले, कडेची माती खरवडली आणि धर्मगृहाच्या बागेतल्या बादलीत ती एकत्र कालवली.

अहवाल आला. दर किलो मातीत उपलब्ध जस्त ०.६ मिलिग्रॅमहून कमी असेल, तर कमतरता मानतात. येथे तर ते कितीतरी अधिक! झिंक सल्फेट घालू नका, असे आम्ही ठामपणे सांगून टाकले. दोन महिन्यांनी ते दारात उभे.

"फादर, कागदावर जस्त हाय म्हंतासा, मग ऊस असा का?"

आमचा पहिला संशय अर्थातच यंत्रावर गेला. म्हणून त्याची माहिती मिळवू लागलो. १९५२ साली ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांना एक साधीच कल्पना सुचली. तोवर ज्योतीत तापलेल्या अणूंनी फेकलेला प्रकाश मोजण्याकडे लक्ष असे. त्यांनी विचारले, अणू गिळतात किती? जस्ताच्या दिव्यातून २१३.९ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ज्योतीतून सोडायचा. तेथे जस्ताचे अणू असतील तेवढा तो घटतो. दिवाच त्या धातूचा असल्याने किरणे निवडणारी फार सूक्ष्म, महागडी यंत्रणा लागत नाही. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे सलिव्हन यांच्यासह त्यांनी लोलक व जाळीही वगळू पाहिली: धातूच्याच अणूंच्या वाफेने आपला प्रकाश ओळखावा, जसा घरच्या माणसाचा आवाज घरच्याने ओळखावा. रोजच्या तपासणीचे यंत्र साधे असावे, हा त्यांचा ध्यास आम्हांस फार भावला.

ही सारी माहिती घेऊन आम्ही प्रयोगशाळेत गेलो. तेथील तरुण तंत्रज्ञाने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "बादली कसली होती, फादर?"

पत्र्याची. जस्ताचा मुलामा दिलेली.

परतीच्या वाटेवर आम्ही मळ्यात थांबलो आणि चूक आमची होती, हे सांगितले. ते काही क्षण उसाकडे पाहत राहिले. मग घरातून प्लॅस्टिकचे टोपले आणि लाकडी फळी घेऊन आले. नमुना या खेपेस त्यांनीच काढला. आम्ही पिशवी धरली. जस्त ०.४ निघाले. शेणखतात मिसळून झिंक सल्फेट पडले खरे, पण त्या हंगामातले दोन महिने गेले ते गेलेच.