दहा आठवड्यांचा धंदा!

कॅनडातल्या केलोनाला एका उन्हाळ्यात गेले, तेव्हा ओकानागन सरोवरात हवा भरलेला वॉटरपार्क तरंगताना दिसला. घसरगुंड्या, ट्रॅम्पोलिन, लाइफ जॅकेट घालून धपाधप पडणारी पोरं... फुल टू धमाल! मी मात्र काठावर बसून हिशेब मांडत होते. शाळांना सुट्टी जूनअखेरपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत. म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांत वर्षाची कमाई! वारा सुटला, वीज चमकली, की सगळ्यांना पाण्याबाहेर काढायचं. लाइफगार्डचा पगार मात्र चालूच. ऑगस्ट २०२३ मध्ये तर वणव्याच्या ठिणग्या सरोवर ओलांडून आल्या आणि ऐन सीझनमध्ये काही दिवस पर्यटकांना हॉटेलात मुक्कामाची बंदी झाली. गेलेला आठवडा डिसेंबरात थोडाच भरून निघतो? तेव्हा घसरगुंड्या घड्या घालून गोदामात असतात.