न पाहिलेला ‘सावकारी पाश’

बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ आता कुणालाच पाहता येत नाही. १९२५ च्या त्या मूकपटाची एकही प्रत उरलेली नाही. तरी त्यातलं एक दृश्य माझ्या मनात पक्कं बसलंय : काळोखात बुडालेली झोपडी आणि रडणारं कुत्रं. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडियांनी सांगून ठेवलेल्या आठवणीतून ते माझ्यापर्यंत आलं. पडदा मुका, त्यामुळे ते रडणं ऐकायचं नाही, पाहायचं! बाबूराव म्हणजे कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवलेला माणूस. महाल नि उपवनं रंगवणाऱ्या त्या हाताला दारिद्र्य रंगवायला किती थोडा उजेड पुरतो हे उमगलं होतं, याचं मला विलक्षण अप्रूप वाटतं.

गोष्ट कादंबरीकार ना. ह. आपट्यांची. सावकार जमीन गिळतो, शेतकरी मुंबईच्या गिरणीची वाट धरतो. तो तरणा शेतकरी म्हणजे पंचविशीही न गाठलेले व्ही. शांताराम. देवादिकांचे चमत्कार पाहायला लोटणारे लोक स्वतःचंच कर्ज पाहायला फारसे आले नाहीत. १९३६ मध्ये बाबूरावांनी हीच कथा बोलपटातून पुन्हा सांगितली. म्हणजे कथा हरवली नाही. हरवले ते चेहरे, तो उजेड.

त्या काळची नायट्रेटची फीत झटकन पेट घ्यायची, दमट हवेत कुजायची. शिवाय तिच्यात चांदी! चांदीच्या लोभाने कितीतरी जुनी रिळं भंगारात गेली. आपल्याकडच्या सुमारे १३०० मूकपटांतले अगदी मोजके वाचले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ मध्ये. तोवर जपायचं ते बहुतेक संपलेलं होतं, आणि याचा मला आजही संताप येतो.

पुढे दिग्दर्शक झालेल्या शांतारामबापूंचा १९३७ चा ‘कुंकू’ही आपट्यांच्याच कादंबरीवरचा. त्यात पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते घरादारातले खरे आवाज. प्रसंगाला बाहेरून काही चिकटवायचं नाही, हा धीर त्यांना बाबूरावांच्या हाताखाली, त्या शेतकऱ्याचं काम करताना आला असावा, असं मला मनापासून वाटतं. पण हे दाखवायचं कशावरून? ‘कुंकू’ आहे. त्याच्या शेजारी ठेवून पाहायला ‘सावकारी पाश’ हवा होता.