बर्फाच्या टोप्या घातलेले दगड

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, पाण्यानं दगड कसा फुटेल?" तास संपत आला होता. "पुस्तकात दिलंय तसं लिही," म्हणून मी वेळ मारून नेली. पण ते मनाला लागून राहिलं.

गेल्या डिसेंबरात नणंदेकडे अमेरिकेस जाण्याचा योग आला. त्यांच्या सॉल्ट लेक सिटीहून गाडीने चार-साडेचार तासांवर, युटा राज्यातच, ब्राइस कॅन्यन हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९२८ सालचं. उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे फुलझाडं नि कारंजी! वन्सं हसल्या. म्हणाल्या, "अगं, नुसते दगड आहेत. पण बघ तर खरी."

सकाळी कड्यावर उभी राहिले आणि बोलणंच खुंटलं. खाली हजारो दगडी सुळके, केशरी, गुलाबी, पांढरट. प्रत्येकाच्या माथ्यावर बर्फाची टोपी. हळदीकुंकवाला बायकांची दाटी व्हावी तसे! तिथले मूळचे पायूट लोक सांगतात, की ही माणसंच होती. वाईट वागली म्हणून कायोटीने, म्हणजे तिथल्या कोल्ह्याने, त्यांचे दगड केले.

खरी हकिकतही कमी नवलाची नाही. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी इथे तळं होतं. त्याच्या गाळाचा हा चुनखडीचा दगड. तांबडा रंग लोखंडाचा. आपल्या तव्यावर गंज चढतो, तोच! कड्याची उंची आठ-नऊ हजार फूट. त्यामुळे वर्षातले १७० ते २०० दिवस, दिवसा बर्फ वितळतं आणि रात्री पाणी पुन्हा गोठतं. दिवसा ते पाणी दगडाच्या फटीत मुरतं. गोठताना मात्र शंभर वाट्यांचं जवळजवळ एकशे नऊ वाट्या होतं! फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली तडकते ना, तसाच दगड तडकतो. आधी भिंत उरते, मग तिला खिडकी पडते, माथा ढासळला की सुळके राहतात. पुढे तेही कोसळतात.

जाणार असाल तर एक जाड कोट घेण्यापेक्षा लोकरीचे दोन-तीन कपडे एकावर एक घाला. बुटांना खालून लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते जरूर घ्या. मी आधी नको म्हटलं आणि पहिल्याच उतारावर बसकण मारली! उंचीमुळे दमही लागतो, तेव्हा सावकाश चाला.

परत आल्यावर त्या मुलीला घरी बोलावलं. ती आता नववीत आहे. पाणी भरलेला छोटा फुगा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोळ्यात बसवला, गोळा घट्ट वाळल्यावर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी गोळा दुभंगलेला! तिचे डोळे चमकले. मग हळूच म्हणाली, "बाई, हे तेव्हाच का नाही दाखवलंत?"

याचं उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हतं.