न लागलेली कुस्ती

बोक्यानं मला 'न्यांकीज' पहिल्यांदा वाचायला दिली तेव्हा आम्ही इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सांगलीत. दिली म्हणजे स्वतःचा फोन हातात दिला. स्क्रीनला कोपऱ्यातून तडा गेलेला, त्यामुळे प्रत्येक मारामारीत कुणाच्या तरी तोंडावर एक जादा व्रण दिसायचा.

बोक्या हे त्याचं खरं नाव नाही. डोळे घारे, आणि दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' आमच्या पिढीतल्या सगळ्यांनी लहानपणी वाचलेला किंवा पाहिलेला. फर्स्ट इयरच्या पहिल्याच आठवड्यात नाव पडलं ते पडलं.

'न्यांकीज' ही आत्सुशी ओकादा यांची मंगा. जपानी मांजर 'न्या' करतं, आणि शाळा बुडवून टोळ्या करून हिंडणाऱ्या, दिसेल त्याला अंगावर घेणाऱ्या पोरांना तिकडे 'यान्की' म्हणतात. दोन्ही जोडून हे नाव. रयुसेई नावाचा भटका बोका नव्या गावात येतो आणि तिथल्या टोळ्यांशी त्याची गाठ पडते. गंमत चित्रात आहे. मारामारी चालू असते तेव्हा ही सगळी माणसं असतात. केस उभे केलेले, भुवया ताणलेल्या, एकमेकांच्या नाकाला नाक लावून गुरगुरणारी पोरं. मग एखाद्या चौकटीत तेच दृश्य जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेतून दिसतं आणि भिंतीवर नुसती दोन मांजरं असतात.

मांजरांना असं नटवण्याचा नाद जपानला जुना आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सातोरु त्सुदा नावाच्या माणसानं मांजरांच्या पिल्लांना त्या यान्की पोरांचे कपडे घालून फोटो काढले होते. 'नामेनेको' म्हणून ते इतके गाजले की त्या पिल्लांच्या नावाची खोटी ड्रायव्हिंग लायसन्स लोक विकत घेत होते. आपल्याकडे चौकाचौकात 'भावी नगरसेवक' असा फ्लेक्स लागतो, त्यातल्या भावीच्या चेहऱ्यावर त्या पिल्लांसारखाच भाव असतो. असो.

या प्रकारच्या मंगात एक प्रसंग हमखास येतो. दोन पोरं नदीकाठी एकास एक भिडतात, दोघांचीही तोंडं सुजतात, मग दोघं गवतात उताणी पडून आभाळाकडे बघत हसतात, आणि तिथून पुढे ती मित्र. 'टोकियो रिव्हेंजर्स' पाहिलेल्यांना ही जात ओळखीची असेल. मला हे तेव्हा खोटं वाटायचं. मार खाल्लेला माणूस हसेल कशाला?

बोक्याला ते अजिबात खोटं वाटत नव्हतं. "कुस्ती बघितलीस का कधी?" एवढंच त्यानं विचारलं.

बघितली होती. आजोबा मला पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला न्यायचे, कुस्त्यांसाठी. हलगी कडाडायची, पैलवान तांबडी माती उचलून एकमेकांच्या अंगाला लावायचे आणि मग भिडायचे. चितपट झालेल्याला जिंकलेला हात देऊन उठवायचा. आजोबांना हरणाऱ्याचा राग कधीच आला नाही. राग यायचा खडाखडीचा. दोघं नुसते हात झटकत, मान दाबत, गोल गोल फिरत राहिले की ते उभे राहून ओरडायचे, "धर की! धर की लगा!"

बोक्याकडे आणखी एक पुरावा होता, तोही आमच्याच जिल्ह्यातला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, बँटमवेट गटात ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्याच गटातलं सोनं कुणी नेलं हे साताऱ्यात वाढूनही मला माहीत नव्हतं. ते नेलं शोहाची इशी या जपानी मल्लानं, खाशाबांना हरवून. "सातारकर विरुद्ध जपानी," बोक्या म्हणायचा, "आणि यावर मंगा न्हाई. काय उपयोग यांचा?"

आमची स्पर्धा होती, ती मार्कांची. कोडिंगच्या स्पर्धेत कोण वर, व्हायव्हात कुणाला किती. तोंडावर हसणं, आणि निकाल लागला की आधी स्वतःचा नव्हे, त्याचा नंबर शोधणं. तो सांगलीवाडीचा. घरी म्हशी, पहाटे साडेचारला धारेला उठायचा आणि रात्री दहाला झोपायचा. तरीही माझ्यापुढे असायचा, पाच-सात मार्कांनी. ते पाच-सात मार्क मी कुणाला कधी बोलून दाखवले नाहीत.

शेवटच्या वर्षी एका सीनिअरनं मला एका नोकरीच्या फॉर्मची लिंक पाठवली. रात्री बाराला बंद होणार होती. "तुमच्या ग्रुपवर टाक," म्हणाला. दुपारचे तीन वाजले होते. मी ती ग्रुपवर टाकली पावणेबाराला. बोक्या झोपलेला असणार हे मला पक्कं माहीत होतं.

नोकरी मला लागली. बोक्यानं अभिनंदन केलं. भांडण झालं नाही. आमचं बोलणं हळूहळू कमी झालं, एवढंच.

खरी मांजरंही बहुतेक वेळा भिडत नाहीत, हे मी नंतर पुण्यात रात्री जागून वाचलं. नजर रोखायची, अंग फुगवायचं, तो लांबलचक गळा काढायचा, आणि मग त्यातलं एक अगदी सावकाश तोंड फिरवून निघून जातं. पॉल लेहाउसन या जर्मन अभ्यासकानं तर लिहून ठेवलंय की एकाच वाटेनं जाणारी मांजरं आपापल्या वेळा ठरवून घेतात, म्हणजे गाठच पडत नाही. वाचताना मला आमचे व्हॉट्सॲप स्टेटस आठवले. तो माझा बघायचा, मी त्याचा बघायचो, वेगवेगळ्या वेळी.

ऑगस्ट २०१९मध्ये मी पुण्यातल्या ऑफिसात बसून आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची पातळी रिफ्रेश करत होतो. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वर कोयनेतून सोडलेलं पाणी, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं, खाली त्याच्या घरात शिरत होतं. 'बरा आहेस का' एवढं टाइप करायला मला दोन दिवस लागले. चार दिवसांनी उत्तर आलं, अंगठा. पाणी उतरल्यावर कॉलेजची पोरं गाळ काढायला गेली. मला सुट्टी मिळाली असती. मी मागितलीच नाही.

गेल्या दिवाळीत मी गेलो. साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा बॉक्स घेतला, एसटीनं सांगलीत उतरलो आणि आयर्विन पूल चालत ओलांडला. काकूंनी दारातच ओळखलं. "आलास व्हय रे सातारकर? किती वाळलायस." भडंगाची ताटली समोर आली. भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, पेन्सिलची एक रेघ होती, तिच्यापुढे २०१९. तिच्याखाली दुसरी, २०२१. पहिल्या पुरात एक रेडकू गेलं, काकूंनी सांगितलं. बोक्यानं ते मला कधी कळवलं नव्हतं, आणि का कळवावं?

तो गोठ्यात होता, संध्याकाळच्या धारेला बसलेला. मी दारात उभा राहून म्हणालो, "ती लिंक..."

"पावणेबाराला टाकलीस," त्यानं मान वर न करता म्हटलं. "धारेला उठलो तवा बघितली."

"मग तेव्हाच दोन ठेवून द्यायच्या होत्यास."

कासेतून धार बादलीत पडत राहिली. बराच वेळ तेवढाच आवाज होता.

"तू येशील, सांगशील, मग ठेवून देऊ, असं म्हटलं हुतं," तो म्हणाला. "आलाच न्हाईस लका. पुरातबी न्हाईस."

मला काही बोलता आलं नाही. तो उठला, हात पुसले, माझ्याकडे नीट बघितलं. घारे डोळे, खाली काळी वर्तुळं आलेली. मला वाटलं, आता देतोय. मी चष्मासुद्धा काढला.

त्यानं भरलेली बादली माझ्यापुढे केली.

"धर की," म्हणाला. "दुसऱ्या म्हशीची राहिलीय अजून."