आबांचा पुठ्ठा

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. प्रथम वर्षाला मी त्यात ‘शेती’ असे लिहिले. आमची शेती चौदा गुंठे, तीही भाऊबंदकीत अडकलेली. आबा गेली तीस वर्षे घरापुढच्या पत्र्याच्या शेडात जीपगाड्या दुरुस्त करतात. मग मी तसे का लिहिले? रांगेत माझ्या पुढच्या मुलाने त्या रकान्यात ‘प्राध्यापक’ असे लिहिलेले मी पाहिले होते, एवढेच सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आबांनी आमच्या स्वतःच्या जीपचे इंजिन बदलायचे ठरवले. जीप म्हणजे महिंद्राची जुनी, उंच बॉनेटची सीजे थ्री बी. तिचे पेट्रोल इंजिन ब्लॉकलाच तडकले होते, आणि ते धड होते तेव्हाही पेट्रोल पिऊन आबांना कंगाल करत होते. हल्लीच्या नव्या गाड्या कॉम्प्युटरवर तपासाव्या लागतात, त्या काही आबांच्या शेडात येत नाहीत. तेव्हा वाड्यावस्त्यांवर बंद पडलेल्या ट्रॅक्टरांपर्यंत आपणच जायचे, हा त्यांचा विचार. आईने भिशीचे पैसे काढून दिले आणि भंगारातून एक प्यूजो डिझेल इंजिन घरी आले. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २११२ सी.सी. काळ्या तेलाने माखलेले ते धूड पाहून आई म्हणाली, “ह्येच्यापरास म्हस आणली असती तर?”

या जीपचे बॉनेट उंच का, हे मी ग्रंथालयातल्या एका पुस्तकात वाचले. १९५३ साली अमेरिकेत विलीज कंपनीने ही गाडी काढली, तेव्हा तिच्या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले होते. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावे लागले. मोठ्या उत्साहाने मी हे आबांना सांगितले. ते म्हणाले, “कपाळ मोठं हाय म्हणूनच डिझेल बसतंय तिच्यात. त्ये न्हाई व्हय पुस्तकात?” नव्हते. त्याच पुस्तकात इंग्लंडमधल्या लोटस सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स कारची माहिती होती. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली ती सुट्या भागांत विकायला काढली. सुट्या भागांवर खरेदी-कर पडत नसे, म्हणून लोक ती घरच्या शेडात जोडत आणि आपल्या ऐपतीप्रमाणे हवे ते इंजिन तिच्यात घालत. सगळी गाडी मिळून वजन अर्ध्या टनाच्या आसपास. आबा विचारात पडले. “एवढ्या हलक्या गाडीत जड इंजिन टाकलं तर नाक खुपसंल की ती,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या जीपच्या पुढच्या स्प्रिंगांत एकेक पाटा वाढवून घेतला. डिझेल इंजिन जुन्यापेक्षा जड आहे, हे माझ्या पुस्तकी डोक्यात तोवर आले नव्हते.

असला बदल परस्पर करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, कारण इंजिनाचा क्रमांक आणि इंधन दोन्ही आर.सी. बुकात नोंदलेले असते. तो अर्ज मी लिहिला. खिडकीमागच्या साहेबांनी वाचून विचारले, “कोणी लिहिलाय?” आबा म्हणाले, “पोरानं. बी.ए. करतंय.” परत येताना एस.टी.त ते शेजारच्या अनोळखी माणसालाही हे सांगत होते.

या कौतुकानेच पुढचा घोटाळा झाला.

प्यूजोचे मूळ हाऊसिंग भंगारवाल्याकडे नव्हते. जीपचे जुने हाऊसिंग नव्या इंजिनाला लावायचे, तर मध्ये एक पोलादी प्लेट हवी. तिच्यावर एका जातीची भोके इंजिनासाठी, दुसऱ्या जातीची हाऊसिंगसाठी, आणि मध्य अगदी नेमका. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक क्रँकच्या मागच्या बुशात बसते; ते जरा जरी बाजूला राहिले तर बुश झिजतो, क्लच थरथरतो, चालत्या गाडीत गिअर निसटतो. आबा म्हणाले, “तू शिकलायस. नकाशा तू काड.”

मी काढला. इंजिनाच्या पाठीवर कागद धरून पेन्सिल घासली, हाऊसिंगच्या तोंडावर दुसरा कागद धरून घासली, दोन्हींचे मध्य जुळवून सुबक नकाशा केला, शाईने गिरवला आणि मोबाईलवरून त्याचा फोटो कोल्हापूरला उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडे पाठवला. चार दिवसांनी १६ मिलिमीटर जाडीची प्लेट आली. मजुरी धरून ३,२०० रुपये.

प्लेट इंजिनावर चपखल बसली. हाऊसिंग मात्र तिच्यावर बसेना. दोन बोल्ट जात होते, बाकीचे अडत होते, आणि स्टार्टरचे तोंड भलत्याच बाजूला आले होते. मला कळायला पाच मिनिटे लागली. दोन्ही तोंडे मी समोरून पाहून काढली होती. पण गाडीत ती एकमेकांकडे तोंड करून बसतात. त्यामुळे एक कागद उलटा करून मगच दुसऱ्यावर ठेवायला हवा होता. आरशात पाहणाऱ्या लहान पोरालाही कळेल अशी ही गोष्ट.

आबा काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. आईने पैशाचे विचारले तेव्हा “लेथवाल्याची चूक झाली,” असे म्हणून ते हात धुवायला गेले. ते खोटे मला अजून बोचते. आईला खरे सांगायला मला आठ दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन ते इंजिनापाशी बसले. पुठ्ठा इंजिनाच्या पाठीवर धरून भोकांच्या कडेकडेने छोट्या हातोडीने हलकेच टकटक ठोकू लागले. लोखंडाच्या कडेनेच पुठ्ठा कापला जातो. पॅकिंग कापायची ही जुनी रीत. एक बाजू झाल्यावर त्यांनी पुठ्ठा पालथा केला आणि हाऊसिंगवर ठेवून पुन्हा ठोकायला लागले. मग माझ्याकडची पेन्सिल मागून घेतली आणि एका बाजूला ‘इंजन’, दुसऱ्या बाजूला ‘गेर’ असे लिहिले. आबा चौथी शिकलेले. सहीखेरीज त्यांना काही लिहिताना मी जन्मात पाहिले नव्हते. अक्षरे थोरली, एकेक वेगळी उभी. ‘गेर’ दुरुस्त करायला माझी बोटे शिवशिवली, आणि पुढच्याच क्षणी स्वतःची भयंकर लाज वाटली.

पुठ्ठा घेऊन ते स्वतः उद्यमनगरात गेले. लेथवाल्याचा डायल गेजही मागून आणला. पुठ्ठ्यावरून भोकांच्या जागा मिळाल्या, पण मध्य त्यांनी गेज क्रँकला बांधून, क्रँक हाताने फिरवत, हाऊसिंगला इकडून तिकडून टिचक्या मारत साधला. त्यात एक अख्खी दुपार गेली. काटा हलायचा थांबला तेव्हाच त्यांनी खुंट्यांची भोके पाडू दिली. जेवायला आई तीनदा हाक मारून गेली होती.

इंजिन चालू झाले ते एका गुरुवारी, सांजेला. पाइपातली हवा काढायची म्हणून नोझलचे नट सैल केले. आधी फेस आला, मग निव्वळ डिझेल. नट आवळले, हीटर तापू दिला, आणि स्टार्टर मारताच पांढऱ्या धुराचा लोट थेट शेजाऱ्यांच्या वाळवणावर. स्वयंपाकघरातली झाकणे थरथरू लागली. गंमत पुढेच झाली: बंद करायची वायर जोडायचीच राहिली होती! डिझेलला ठिणगी लागत नाही, तेव्हा किल्ली फिरवून काय होणार? मी घाबरून किल्ली उपसून हातात घेऊन उभा, आणि इंजिन आपले धडधडतेच आहे. आबांनी हसत हसत पंपाची दांडी बोटाने ओढली. आबा इतके हसलेले मी क्वचितच पाहिले आहेत.

पुढे तपासणी झाली, आर.सी. बुकात ‘डिझेल’ लागले. पहिली चुकीची प्लेट शेडात पाटासारखी पडली आहे. चहा प्यायला गिऱ्हाइके तिच्यावर बसतात. पुठ्ठा खिळ्याला टांगलेला आहे.

द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना आधीच भरून आला होता: शेती. बदलायचा म्हटले तर लेखी अर्ज करा आणि सोबत पुरावा जोडा, असे खिडकीवर सांगण्यात आले. संध्याकाळी घरी येऊन आबांना विचारले, “पुरावा म्हणून काय जोडायचं?” ते जीपखाली होते, नुसते पाय दिसत होते.

“कसला पुरावा?” ते म्हणाले. “आधी तो तेराचा पाना दे.”