नोंद न झालेले बदल

वसतिगृहाच्या जुन्या नोंदवह्या आम्ही संगणकावर उतरवीत आहोत. एका माजी विद्यार्थ्याने त्यासाठी ‘गिट’ शिकविले. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली रचलेली ही प्रणाली मजकुराची ‘कमिट’ केलेली प्रत्येक अवस्था जपते. त्याआधीचा बदल मात्र ‘रिस्टोअर’ने टाकून दिला, की गिटपाशी त्याचा मागमूस उरत नाही. ‘स्टॅश’ तो बाजूला ठेवते, ‘पॉप’ म्हणताच परत देते. (अगदी नवी फाईल स्टॅश आपणहून उचलत नाही, हे मुलांना दोनदा सांगावे लागते.)

परवा पुसट शाईतील एका नावाचे वाचन पटेना. मुले ते टाकून द्यावयास निघाली. मी स्टॅश करावयास लावले. आमच्या आजोबांच्या पिढीची नावे मुळात थोड्याच कागदांवर आहेत. संदेशात त्या विद्यार्थ्याचे गाव लिहिले. तेथून उत्तर यावयाचे आहे.