पंधरा दिवसांची सुट्टी

मार्च 2022 च्या शेवटच्या आठवड्यात मुलाच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शासनाचे पत्रक आले. पहिली ते नववी आणि अकरावीचे वर्ग एप्रिलमध्ये पूर्ण वेळ भरवायचे, शनिवारीही पूर्ण दिवस, रविवारी ज्यांना हवे त्यांनी. परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. कोरोनात अभ्यास बुडाला, तो भरून काढायचा. ग्रुपवर पालकांचे अंगठ्यांवर अंगठे पडले. मीही टाकला. माझा मुलगा दुसरीत असताना शाळा बंद झाली होती, ती नीट उघडली तेव्हा तो चौथीत होता. जोडाक्षरे अडखळत वाचायचा, हातचा घ्यायला विसरायचा. कोणती आई नको म्हणेल?

मग कॅलेंडर बघितले. 3 एप्रिलला पहिला रोजा. म्हणजे सगळा रमजान आणि सगळी वाढीव शाळा एकमेकांच्या अंगावर. मुलगा त्या वर्षी पहिल्यांदाच हट्टाने रोजे धरणार होता. शिक्षक संघटना विरोध करत होत्या. कुणाला ऊन दिसत होते, कुणाची गावाकडची तिकिटे काढलेली होती. आमच्या घरी सासूबाई म्हणाल्या, "रोजा धरून शाळेत गेलं तर काही होत नाही, आम्ही शेतात जायचो." तो विषय तिथेच मिटला. माझ्या मनात मात्र दुसरेच काही खुपत होते, आणि ते रमजानचे नव्हते.

त्यासाठी 2020 च्या एप्रिलमध्ये जावे लागेल.

आमची गल्ली मंगळवार पेठेतली. घरे एकमेकांना चिकटून. लॉकडाऊनमध्ये खाली उतरायची बंदी, तेव्हा पोरांनी गच्च्यांवर खेळ काढला. तीन गच्च्या, चार-पाच पोरे आणि एक टेनिसचा बॉल. या गच्चीवरून त्या गच्चीवर फेकायचा, खाली पडला तर आऊट. मार्चच्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीनची बातमी आली आणि टीव्हीवर दिवसरात्र एकच चालले. तबलिग, जमात, मरकज. आमच्या घरातला कुणी कधी जमातीत गेलेला नाही, पण ते सांगायचे कुणाला? भाजीवाल्या बागवानाचा गाडा गल्लीत शिरला की दोन-तीन खिडक्या बंद व्हायच्या. तोच माणूस, वीस वर्षे येणारा.

एके दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मुलगा बॉल हातात घेऊन नुसताच उभा होता. टाक की, म्हटले. तर म्हणाला, "अम्मी, मी टाकल्यावर काकू बॉल धुतात. बाकीच्यांनी टाकल्यावर नाही धुत."

मी म्हटले, सगळेच सगळे धुतात आता. ते खरेही होते. आम्ही स्वतः दुधाची पिशवी साबणाने धुऊन घेत होतो, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवत होतो. पण मी उभी राहून बघितले. पोराचे म्हणणे बरोबर होते. शेजारच्या वहिनी बादली आणि साबण घेऊन बसल्या होत्या आणि आमच्याकडून आलेला बॉल तेवढा बुडवत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितले नाही. पुढच्या आठवड्यात मुलाने गच्चीवर जाणे सोडले.

वहिनींवर माझा राग नाही, असे म्हणणे सोपे आहे. राग होता. पण त्या घाबरल्या होत्या हेही मला दिसत होते. घरात दम्याचे सासरे, नवरा कारखान्यात अडकलेला, आणि समोर टीव्ही. 2009 मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हाची भीती मला आठवते. 3 ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, देशातला पहिला, आणि आठवडाभरात तिथल्या शाळा बंद झाल्या. पुण्याहून एसटीने आलेल्या पाहुण्याकडे लोक संशयाने बघायचे. रुमालात कापूर-वेलची बांधून पोरांच्या गळ्यात अडकवली जायची. वेड्यासारखे वागलो सगळेच, पण सगळे सारखेच वेडे. पुण्याहून आलेला म्हणून माणूस आठवडाभर परका झाला आणि मग पुन्हा जावईबापू झाला.

माझी दादी तिच्या आईकडून ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी सांगायची. शाहू महाराजांच्या काळात प्लेग आला की लोक शहर सोडून बाहेर माळावर झोपड्या बांधून राहायचे. तिथेही भीती असणारच, प्रेते उचलायला माणूस मिळत नसे म्हणायची. पण लोक बाहेर पडले ते गल्लीच्या गल्ली मिळून. कोरोनात प्रत्येकजण आपापल्या दारामागे गेला आणि दारात टीव्ही बसला.

मोठ्यांची भीती पुढे कमी झाली, त्याला कारणेही घडली. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने त्या रमजानमध्ये जकातीतून 36 लाख रुपये जमवून आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. 25 मे 2020, ईदच्याच दिवशी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचे ऑनलाइन उद्घाटन केले. मला अभिमान वाटला. जरा वेळाने टोचलेही. आपण माणसे आहोत हे पटवून द्यायला आम्हालाच खाटा द्याव्या लागतात का? मग 21 ऑगस्टला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता बोलून दाखवली. ज्या वाहिन्या महिनाभर ओरडत होत्या त्यांनी हे किती वेळ दाखवले ते तुम्हीच आठवून बघा.

हे सगळे मोठ्यांना कळते. दहा वर्षांच्या पोराला निकालपत्र वाचून दाखवता येत नाही. त्याच्या लेखी गोष्ट एवढीच होती की आपला बॉल धुतात.

2021 चा उन्हाळाही घरात गेला. दुसऱ्या लाटेत कोल्हापूर जिल्ह्याचे आकडे राज्यात इतरत्र उतरले तरी उतरत नव्हते. म्हणजे 2022 चा उन्हाळा हा दोन वर्षांनंतरचा पहिला मोकळा उन्हाळा. शाळेत पोरे एकत्र असतात हे खरे, पण आमच्या गल्लीतली शाळेत एकत्र नसतात. कुणी इंग्रजी माध्यमात, कुणी मराठी, दोघी बहिणी उर्दू शाळेत. सकाळी रिक्षा येतात आणि चारी दिशांना घेऊन जातात. ती एकत्र येतात सुट्टीत. आम्हीही तशाच आलो. माझे भाऊ पाठीला डबा बांधून पंचगंगेत पोहायला शिकले, आणि डबा बांधणारा कोण हे कुणी विचारले नाही. कागदावर सुट्टी 1 मेच्या निकालानंतर लागायची, पण परीक्षा आटोपल्या की एप्रिलच्या मध्यावरच पोरे मोकळी व्हायची. त्या पंधरा दिवसांवर कुणाची सही नव्हती, म्हणून ते काढून घेताना कुणाला काही काढल्यासारखे वाटले नाही. बुडालेल्या तासांचा हिशेब शासनाकडे होता. बुडालेल्या खेळाचा हिशेब कुठल्या रकान्यात लिहायचा? 2025 मध्येही पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत ओढल्या, तेव्हा तर महामारीचे कारणही नव्हते.

त्या वर्षी सुट्टी 2 मेला लागली, 3 मेला ईद. मी शीरखुर्मा शेजारी पाठवला. मुलगा दारात भांडे ठेवून पळत आला. वहिनींनी भांडे रिकामे पाठवले नाही, आंबे घालून पाठवले, आणि स्वतः आल्या. "भाभी, पोरगा आत का येत नाही आमच्यात?" मी काय सांगणार. म्हटले, लाजतोय.

मे अर्धा सरला तरी तो खिडकीतून बघायचा. वहिनींचा मुलगा दोनदा हाक मारून गेला. कधी "पाय दुखतोय", कधी "गृहपाठ आहे". सुट्टीतला गृहपाठ! मी रागावले नाही, ढकललेही नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी गल्लीत माणूस कमी पडत होता म्हणून त्याला फिल्डिंगला ओढून नेले. तेवढ्यात बॉल गटारीत गेला. दोघेही पोटावर पडून हात घालून काढत होते, कोपरापर्यंत काळे. बॉल निघाला तो दोघांनी मिळून चड्डीला पुसला आणि ओव्हर पुढे चालू.

वहिनी वरून ओरडल्या, "अरे दोघंबी हात धुवा, मगच आत या!"

13 जूनपासून नवे वर्ष सुरू होणार होते. मी दिवस मोजले, सोळा-सतरा उरले होते.